कंपनीतला अनुभव स्वतःच्या धंद्यात किती कामाला येतो?

प्रश्न असा आहे: कोल्हापूरजवळ कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका मोठ्या कंपनीत सहा वर्षं आधी क्वालिटी, मग प्रॉडक्शन सांभाळलं. हाताखाली चाळीस माणसं. वडिलांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप. आता बाहेरून कास्टिंग (ओतीव नग) घेऊन, मशिनिंग करून तयार पार्ट पुरवायचा स्वतःचा धंदा काढायचाय. वडील म्हणतात, "कंपनीतलं शहाणपण इथं चालत नाही." मित्र म्हणतात, "एवढी मोठी लाइन चालवतोस, तुला काय अवघड?" दोघांत खरं कोण, आणि नोकरी कधी सोडायची?

वडिलांचं म्हणणं पहिली दोन वर्षं खरं ठरेल. मित्रांचं म्हणणं, धंदा टिकला तर, चौथ्या-पाचव्या वर्षी खरं व्हायला लागेल. घोडं पेंड खातं ते मधल्या काळात, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

लहान धंदा आणि मोठी कंपनी यांतला फरक लोक माणसांत, मशीनमध्ये नाहीतर उलाढालीत मोजतात. त्यानं फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा असं बघा: चूक झाल्यापासून ती कळेपर्यंत किती वेळ जातो, आणि ती कुणाला कळते? आठ माणसांच्या शेडमध्ये सकाळची चूक दुपारच्या चहाला मालकाच्या कानावर येते. सहाशे माणसांच्या कंपनीत तीच चूक पुढच्या महिन्याच्या एमआयएसमध्ये (व्यवस्थापनाच्या अहवालात) एका टक्केवारीच्या पोटात बसून येते, किंवा थेट ग्राहकाच्या फोनवरून. मोठी कंपनी चालवणं म्हणजे मालक जागेवर नसताना हा वेळ कमी ठेवण्याचं काम. स्टार्टअप काढणं हे उलटं काम आहे. नेमकं काय करायचं हेच अजून ठरलेलं नसतं, त्यामुळे चुका होणारच. त्या स्वस्तात आणि लवकर करून घ्यायच्या.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ: ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमध्ये राहिलेली पोकळी.

सहा किलोचं कास्टिंग आहे, किलोला ११० रुपये धरा, म्हणजे नग ६६० रुपयांचा. पावसाळ्यात वाळूतला ओलावा वाढला (ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, तो साधारण ३ ते ४ टक्क्यांत ठेवायचा असतो), वाफेला वाट मिळाली नाही आणि कातडीखाली पोकळी राहिली. फेटलिंगला (फाउंड्रीत कास्टिंग साफ करताना) दिसली तर तो नग परत भट्टीत जातो. वीज, वाळू, मजुरी बुडते, लोखंड राहतं. तीच पोकळी तुमच्याकडं बोअरिंगच्या दुसऱ्या कटला उघडी पडली, तर तोवर नगावर २५० रुपयांचं मशिनिंग चढलेलं असतं. आता भांडण सुरू होतं: फाउंड्री कास्टिंग बदलून देईल, पण मशिनिंगचे पैसे कोण देणार? हे आधी लिहून घेतलेलं नसेल तर उत्तर ठरलेलं आहे, तुम्ही. आणि पोकळी ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडली, तर चारशे नगांचा सगळा लॉट होल्ड, तुमच्या खर्चानं माणसं पाठवून सॉर्टिंग, २४ तासांत तात्पुरता उपाय, मग एट-डी रिपोर्ट (चुकीचं मूळ आणि कायमचा उपाय सांगणारा आठ पायऱ्यांचा अहवाल) आणि महिनाअखेरीला डेबिट नोट, म्हणजे तुमच्या बिलातून कापलेले पैसे.

म्हणजे चूक तीच, पण कुठं सापडली त्यावर तिची किंमत दहापट, वीसपट होते. लहान शेडमध्ये ती लवकर सापडते, कारण पाहणारा आणि सोसणारा एकच माणूस असतो. ऑपरेटर हाक मारतो, मालक नग उचलतो, मोटारसायकलला किक मारतो आणि तासाभरात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या मोल्डिंगवाल्यासमोर उभा राहतो. मोठ्या कंपनीत मोल्डर आणि मशिनिस्ट एकमेकांना ओळखतही नाहीत. म्हणून तिथं कास्टिंगवर हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या घाण्यातलं ते) आणि तारीख उठवलेली असते, रिजेक्शनला कारणांचे कोड असतात, रोज सकाळी दहा मिनिटं नग टेबलावर मांडून बैठक होते. हा सगळा खटाटोप त्या मोटारसायकलच्या बदल्यात आहे. तुम्ही सहा वर्षं तो खटाटोप चालवलात. तो कशासाठी आहे हे विसरून फक्त त्याचे फॉर्म नव्या शेडमध्ये घेऊन गेलात, तर वडिलांचं वाक्य खरं होईल.

(जाता जाता: मोठ्या कंपन्यांतल्या रिजेक्शन शीटमध्ये "इतर" नावाचा रकाना असतो. तो सगळ्यात मोठा असेल तर ती शीट कुणी वाचत नाही असं समजा.)

खरेदीचंही तसंच. स्पिंडलचं (मशीनच्या फिरत्या दांड्याचं) बेअरिंग गेलं. वडील काय करतात? जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून ओळखीच्या दुकानात जातात, नंबर बघून नवं आणतात, पाऊण तासात मशीन चालू. तुमच्या कंपनीत इंडेंट (मागणीचा कागद), मंजुरी, तीन कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), गेट एन्ट्री, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), तपासणी, बिल पासिंग. आठ सह्या. आठ माणसांच्या शेडमध्ये या आठ सह्या आणणं खुळेपणा आहे. पण तीनशे माणसांची कंपनी पाऊण तासाच्या पद्धतीनं चालवली, तर कोणतं बेअरिंग कुठं बसलं, ते वर्षात तीनदा का गेलं आणि स्टोअरमध्ये तसली सहा पडून असताना सातवं का आणलं, हे कुणालाच सांगता येत नाही. चांगल्या चाललेल्या मोठ्या कंपन्या सह्या वाढवत बसत नाहीत. बेअरिंग, बेल्ट, फ्यूज, ड्राइव्हसारख्या नेहमीच्या वस्तूंचा वर्षाचा रेट कॉन्ट्रॅक्ट करतात, प्रत्येकाचा किमान-कमाल साठा ठरवतात आणि मेंटेनन्सच्या माणसाला, उदाहरणार्थ, पाच हजारांपर्यंत विचारल्याशिवाय खरेदीची मुभा देतात. मुभा दिली आणि महिन्याला हिशेब बघितला, की सहा सह्या कमी होतात.

आता तुमच्या अनुभवातलं काय बरोबर येणार नाही, ते मोजून घ्या. ही यादी नोकरी सोडायच्या आधी कागदावर काढावी. ड्रॉइंगमधली शंका विचारायला डिझाइनचा माणूस नाही. कॅलिब्रेशन केलेली गेज (अचूकता तपासून घेतलेली मापायची साधनं) स्टँडर्ड रूममधून येत नाहीत, ती विकत घ्यायची आणि वर्षाला कॅलिब्रेटही करून आणायची. ऑपरेटर गैरहजर राहिला तर दुसऱ्या लाइनवरून माणूस ओढता येत नाही. कँटीन नाही, बस नाही, त्यामुळे पन्हाळ्याकडचा पोरगा पावसात येईलच असं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उधारी. इन्सर्टवाला (मशीनवर कापायच्या टिपा पुरवणारा), कास्टिंगवाला तुम्हाला आजवर साठ दिवस थांबत होता तो कंपनीच्या नावाला. तुमच्या नावाला तो पहिल्या वर्षी "आधी पैसे, मग माल" म्हणेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. इथं वडिलांची किंमत कळते. उद्यमनगरात तीस वर्षं वेळेत पैसे देणाऱ्या माणसाच्या मुलाला मिळणारी उधारी कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दाखवता येत नाही.

पहिल्या टप्प्यात मशीन घेऊ नका. सबसिडीची घाई, एक्झिबिशनमधली ऑफर, बँक मॅनेजरचा मार्चअखेरचा उत्साह, यातलं काहीही मशीन घ्यायचं कारण नव्हे. आधी दोन-तीन पार्ट निवडा. ते असे निवडा की सध्याचा पुरवठादार त्यांना कंटाळला आहे: नग कमी, सेटअप जास्त, नाहीतर एखादा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) त्रासाचा. मोठ्या व्हॉल्यूमच्या सोप्या पार्टमध्ये तुम्ही भावावर मार खाल. कास्टिंग बाहेरून घ्या, मशिनिंग शिरोली किंवा गोकुळ शिरगावमध्ये ज्याचं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशिनिंगचं मशीन) दुसऱ्या शिफ्टला रिकामं असतं त्याच्याकडं जॉबवर्कला द्या. फिक्श्चर (मशीनवर नग धरून ठेवणारी पकड) मात्र स्वतःचं करा आणि वडिलांच्या शेडमध्ये करा. फिक्श्चर तुमच्याकडं असलं की जॉबवर्कवाला बदलता येतो.

ग्राहकानं "छान झालंय" म्हटलं तर ते उत्तर समजू नका. पाच नग छान कुणीही करतो, मालक स्वतः उभा राहिला की होतातच. गाडीच्या पार्टचा ग्राहक पीपॅपमध्ये (पार्टला मंजुरी द्यायच्या प्रक्रियेत) साधारणपणे सलग किमान ३०० नगांची खरी प्रॉडक्शन रन मागतो, महत्त्वाच्या मापांचा सीपीके (मापं मर्यादेत किती खात्रीनं राहतात त्याचा आकडा) १.६७ च्या वर आहे का बघतो. पाच नग आणि तीनशे नग यांच्यामधे जे काही आहे, तोच स्टार्टअप आणि कंपनी यांच्यातला फरक. पाच नगांत हाताचं कसब दिसतं. तीनशेमध्ये इन्सर्ट झिजतो, शिफ्ट बदलते, कूलंटची तीव्रता घसरते, दुसरा ऑपरेटर क्लॅम्प वेगळा आवळतो. या ठिकाणी तुमची सहा वर्षं खरोखर कामाला येतात, वडिलांना इथं तुमचं ऐकावं लागेल. पीओ हातात आली, दुसऱ्यांदा आली आणि पहिल्या बिलाचे पैसे जमा झाले, एवढं झालं की तुमच्या वस्तूला गिऱ्हाईक आहे असं समजा.

मशीन घ्यायची वेळ आली की तासाचा दर काढायला बसा. त्यात लोक हमखास चुकतात. ३५ लाखांचं व्हीएमसी, त्यातलं २५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे ५४ हजार. दोन ऑपरेटर ४० हजार, वीज २० हजार, इन्सर्ट-कूलंट २५ हजार, भाड्याचा वाटा १५ हजार, तपासणी-देखभाल १६ हजार. हे आकडे समजण्यापुरते, तुमचे तुम्ही घाला. बेरीज १ लाख ७० हजार. महिन्याचे २५ दिवस, दोन शिफ्ट, आठ तास म्हणजे ४०० तास. भागलं की ४२५ रुपये तास. हाच आकडा घेऊन लोक कोटेशन देतात आणि वर्षभर राबून हप्ता कुठून भरायचा या विचारात बसतात. कारण ४०० तास मशीन चालत नाही. सेटिंग, पहिल्या नगाची मंजुरी, कास्टिंग आलं नाही, वीज गेली, ऑपरेटरच्या गावची जत्रा. हातात २७० तास पडतात, म्हणजे खरा दर ६३०. तुमची कंपनी ४२५ च्या आसपास काम करू शकते, कारण तिच्याकडं अठरा मशीन आहेत आणि एकाचं काम दुसऱ्यावर टाकता येतं. तुम्ही तिच्या भावाशी स्पर्धा करायला गेलात तर तुमच्या २७० आणि तिच्या ४०० तासांमधला फरक तुमच्या खिशातून भराल.

पैशाबद्दल जास्त लिहितो, कारण मधल्या काळात माणसं इथंच अडकतात. नोकरीत पैसा बजेटमधली ओळ असतो. धंद्यात तो तारीख असतो.

समजा महिन्याला २० लाखांची विक्री झाली. त्यात ११ लाख कास्टिंग, ६ लाख मजुरी-वीज-हप्ते, ३ लाख नफा. कागदावर १५ टक्के, झकास. कास्टिंगवाल्याला ३० दिवसांत द्यायचे. माल तुमच्याकडं आत येऊन तयार व्हायला २० दिवस. ग्राहकाची मुदत ६० दिवस, पण ती बिलाच्या तारखेपासून धरू नका. जीआरएन होऊन बिल पास झालं की त्यांचं घड्याळ सुरू होतं, त्यात दहा दिवस जातात. म्हणजे कास्टिंग आलं त्या दिवसापासून पैसे यायला ९० दिवस. कास्टिंगचे पैसे तुम्ही ६० दिवस आपल्या खिशातून सोसता: २२ लाख. मजुरी-वीज सरासरी ८० दिवस: १६ लाख. शिवाय जीएसटी. ग्राहकानं पैसे दिले असोत वा नसोत, बिल फाडलं की पुढच्या महिन्यात कर भरायचा. सगळं धरून महिना २० लाखांच्या विक्रीला ४० लाखांच्या आसपास रक्कम कायमची अडकून पडते.

आता ग्राहक खूष झाला आणि शेड्यूल दुप्पट केलं. पेढे वाटायची बातमी! त्यासाठी आणखी ४० लाख लागतात. ३ लाखांच्या नफ्यानं ते जमायला वर्षाहून जास्त लागेल, शेड्यूल मात्र पुढच्या महिन्यापासून आहे. नफ्यात असलेला धंदा कास्टिंगवाल्याचे पैसे थकवतो, तो माल अडवतो, तुमचं डिस्पॅच चुकतं, ग्राहक दंड लावतो. ऑर्डर कमी पडून बुडणारे दिसतात, ऑर्डर वाढून बुडणारे दिसत नाहीत.

उपाय आहेत, जादू नाही. बँका लहान उद्योगाची खेळत्या भांडवलाची मर्यादा साधारण अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के धरतात. २ कोटी ४० लाखांवर ती ४८ लाख होते. पण मंजूर मर्यादा आणि उचलता येणारी रक्कम वेगळी. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ड्रॉइंग पॉवर निघते: साठा आणि येणी यांतून देणी वजा, मार्जिन वजा, आणि ९० दिवसांवरची येणी बहुधा मोजतच नाहीत. म्हणजे ग्राहकानं पैसे थकवले की बँकही त्याच महिन्यात हात आखडते. तारण नसेल तर सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या) हमीबद्दल बँकेत विचारा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) पहिल्याच दिवशी करा आणि नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) मुदत चुकवून थकवलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये फोन उचलले जातात. एकुलत्या एका मोठ्या ग्राहकावर तक्रार करायची हिंमत कोण करतो, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन व्यवस्थेत) बिल वटवता येतं का हे पीओ घेतानाच विचारा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची आहे.

पैसे अडायचं एक कारण तर तुमच्याच हातात आहे. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) मासिक असेल तर ११ तारखेला गेलंच पाहिजे. तिमाही पद्धत घेतली तरी आयएफएफमधून (तिमाहीच्या मधल्या महिन्यांची बिलं चढवायच्या सोयीतून) १३ तारखेच्या आत बिलं चढवा. नाही चढवली तर ग्राहकाला त्या महिन्यात जीएसटीचं क्रेडिट दिसत नाही, आणि त्याचा अकाउंटंट तुमच्या बिलातला १८ टक्के बाजूला काढून ठेवतो. अर्धवेळ अकाउंटंटचे वाचवलेले चार हजार असे परत जातात.

धंदा टिकला, माणसं वाढली, की दुसरी अडचण येते आणि ती मालकाच्या स्वभावातली असते. दहाव्या माणसाला ईएसआय (कामगार विमा), विसाव्याला पीएफ लागू होतो (आणि पीएफ एकदा लागला की माणसं कमी झाली तरी सुटत नाही). हे कागदाचं झालं. खरी गोम अशी की पंचवीसच्या आसपास मालकाला सगळ्या चुका दुपारच्या चहाला कळायच्या थांबतात, आणि त्याला वाटतं की चुकाच होत नाहीयेत. याच वळणावर सगळ्यात चांगल्या सेटरला (मशीनवर काम लावून देणाऱ्याला) सुपरवायझर केलं जातं. हातातला सेटर जातो, आणि कुणाला कामाला लावायची सवय नसलेला सुपरवायझर पदरी पडतो. सेटरचा पगार वाढवा, पद नको. सुपरवायझर म्हणून असा माणूस घ्या जो नग करण्यात मध्यम असला तरी दुसऱ्याचा नग टेबलावर ठेवून बोलू शकतो.

एक साधी कसरत आहे. पंधरा दिवस खिशात वही ठेवा. तुम्हाला जो कोणी जे काही विचारेल ते लिहा: "हा नग ०.०२ नं मोठा आहे, पाठवू?", "ड्रायव्हर ॲडव्हान्स मागतोय", "कास्टिंगचा दुसरा लॉट उतरवून घेऊ का?" पंधरा दिवसांनी बघा. जो प्रश्न तीनदा आलाय त्याचा नियम करून भिंतीवर लावा: कोण ठरवेल, किती रकमेपर्यंत, आणि तुम्हाला कधी कळवायचं. माप हुकलेल्या नगाचा निर्णय प्रॉडक्शनच्या माणसाकडं कधीच देऊ नका, डिस्पॅचची घाई त्यालाच असते. मोठ्या कंपनीत याच वहीला अधिकारांची विभागणी म्हणतात, चार पानांची असते आणि बोर्ड मंजूर करतं. वही तीच.

आणि रोज पाच आकडे फळ्यावर: बँकेतली शिल्लक, ६० दिवसांवरची येणी, आजचं डिस्पॅच, पार्टनिहाय रिजेक्शन, मशीन बंद राहिल्याचे तास. पार्टनिहाय म्हणायचं कारण आहे. एकूण रिजेक्शन ३ टक्के दिसतं तेव्हा एखादा पार्ट ११ टक्क्यांवर असू शकतो. सरासरी ही मोठ्या कंपनीतली चूक लपवायची सगळ्यात सोयीची जागा.

मालक जागेवर नसताना चूक कशी पकडायची, याचं आपल्या जिल्ह्यातलं उत्तम उदाहरण फाउंड्रीत नाही, दुधात आहे. गोकुळ १९६३ पासूनचा. गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध ओततानाच फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) मोजतात, त्यावर दर लागतो, दहा दिवसांनी बिल. अध्यक्षाला दूध चाखावं लागत नाही. पातळ दूध घालणाऱ्याला त्याच्या चिठ्ठीवरच कळतं, आणि तेही त्याच दिवशी. तुमच्या फाउंड्रीला दर लॉटमागं असा कागद परत जातो का? किती नग आले, किती नापास, कोणत्या कारणानं, मशिनिंगच्या आधी की नंतर. आणि नंतर सापडलेल्या ब्लो होलला मशिनिंगचा किती टक्के खर्च फाउंड्रीनं सोसायचा हे पहिल्याच पीओमध्ये लिहा. भाव ठरवताना फाउंड्रीवाला ते मान्य करतो, भांडण झाल्यावर करत नाही.

भागीदार घेणार असाल तर कोल्हापूरचाच इतिहास बघा. बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. तिथले कसबी लोक, शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, बाहेर पडले, सराफ सीतारामपंत कुलकर्णी भांडवलाला आले, आणि १९२९ मध्ये प्रभात उभी राहिली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि पुढं शांतारामही तिथून बाहेर पडले. यातून घ्यायचं ते एवढंच: कसबी माणसं ज्या दारानं आली त्याच दारानं जातात, आणि जाताना काय न्यायचं हे आत येतानाच ठरवावं लागतं. कोण किती वेळ देणार, पगार कोण घेणार, हिस्सा पहिल्या दिवशी पूर्ण द्यायचा की चार वर्षांत थोडा थोडा हक्काचा होणार, बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, ग्राहकाचं ड्रॉइंग आणि फिक्श्चर कुणाचं. एका तालमीतले आहोत म्हणून कागद नको, असं म्हणणाऱ्याकडं दोनदा कागद करून घ्या. साध्या भागीदारीत एकाच्या सहीचं कर्ज दुसऱ्याच्या घरावर येतं, त्यामुळे एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेडचा खर्च करण्यासारखा आहे.

पुराचंही बघा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. मोठ्या कंपनीचं कोठार पुण्याकडं असतं, तुमचं नसेल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आठ-दहा दिवसांचा तयार माल पुण्यातल्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात ठेवायची सोय करा आणि ते भाडं भावात धरा.

राहिला नोकरीचा प्रश्न. दोन वेगळ्या ग्राहकांच्या दुसऱ्यांदा आलेल्या पीओ, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, आणि जॉबवर्कवर करूनही नगामागं थोडा का होईना नफा, या तिन्ही गोष्टी होईपर्यंत राजीनामा देऊ नका. तोवरचं काम वडिलांच्या फर्मच्या नावानं चालू द्या. पण नेमणूकपत्रातली अट वाचा, आणि सध्याच्या कंपनीच्याच ग्राहकाचा पार्ट किंवा कंपनीचं ड्रॉइंग घेऊन बाहेर पडू नका. ते कायद्यात अडकतं, आणि कोल्हापूर एवढं मोठं नाही की चौथ्या दिवशी कळणार नाही. सहा वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे: साधारणपणे शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले ६. बेसिक २६ हजार असेल तर ९० हजार. त्यात दोन फिक्श्चर आणि एक बरं बोअर गेज होतं. पीएफला हात लावू नका.